डिस्कवरचा धुरा

आता हे काम फार सोपं झालं आहे. सकाळी चहा घेता घेता कुणाचा तरी निरोप येतो, अमुक मशीनची जागा भरली, वाढवून द्या. ते मशीन कुठे आहे हे मला माहीत नसतं. खरं म्हणजे ते मशीनसुद्धा नसतं. कुठल्यातरी मोठ्या यंत्राच्या पोटात चालणारं, हात लावता येणार नाही असं, नुसतं मानलेलं मशीन. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. मी आधी त्याची डिस्क वाढवते, मग पार्टिशन, म्हणजे डिस्कवर आखलेला वाटा, वाढवते, आणि शेवटी आतली फाइल सिस्टिम, म्हणजे फायली ठेवायची मांडणी, त्या वाट्याच्या कडेपर्यंत पसरवते. मोजक्या ओळी लिहायच्या. मशीन चालूच असतं, त्यावर बसलेल्या माणसाला कळतही नाही. चहा गार होत नाही.

आणि दर वेळी शेवटची ओळ लिहून झाली की मला झेंडूचा वास येतो. पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावर, काचा बंद असताना, झेंडू कुठून येणार? पण येतो. ओल्या पोत्यात भरलेल्या झेंडूचा, जरासा कडवट, दुपारचा वास. मग मी खुर्ची मागे सरकवते आणि थोडा वेळ काहीच करत नाही. ऑफिसातल्यांना वाटतं की मी काहीतरी फार गहन विचार करते आहे.

देऊळघाटला आमची एकाच स्लॅबखाली दोन घरं होती. एकात बाबा, आई आणि मी. दुसऱ्यात बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मोठेबाबा, आणि मोठी आई. त्यांचा मुलगा नाशिकला नोकरीला होता, सणाला यायचा. आधी ही सगळी एकच चूल होती. मग कधीतरी दोन झाल्या. भांडण वगैरे काही झालं नाही. भांडण झालं असतं तर ते मिटलं तरी असतं. आमच्याकडे झालं ते असं की दोघे भाऊ एकमेकांशी फार नीट वागायला लागले.

वाटणीची रीत आमच्याकडे अशी की मोठ्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. मोठेबाबांनी वावराच्या मधून धुरा, म्हणजे बांध, घातला, तो नेमका मधल्या चिंचेवरून नेला, म्हणजे चिंच दोघांची. चिंचेशेजारी त्यांनी स्वतःच्या हाताने एक गोटा रोवला, चुन्याने पांढरा केला, आणि आपल्या बाजूला जाऊन उभे राहिले. त्या दिवसानंतर त्यांनी धुऱ्याच्या पलीकडे पाय ठेवला नाही. धुरा दर साली नांगराच्या एकेका तासाने सरकतो आणि भावाभावांत कोर्ट लागतं, हे त्यांनी आजूबाजूला पुष्कळ पाहिलं होतं. आपल्याकडे कुणी बोट दाखवू नये म्हणून ते विहिरीवर जायलाही गाडरस्त्याने वळसा घालून जायचे. बाबांना ते लागायचं. रोज समोरून भाऊ लांबच्या रस्त्याने जाताना दिसायचा आणि बाबा वांग्यांच्या सरीत उगाच खाली वाकून काहीतरी शोधत राहायचे.

एक वस्तू मात्र वाटता येत नव्हती, ती म्हणजे कॉम्प्युटर. टमाट्याने एका वर्षी चांगला हात दिला तेव्हा एकत्र कुटुंबात तो घेतलेला होता. मी तेव्हा बुलडाण्याला कॉलेजात कॉम्प्युटरच शिकत होते. मोठेबाबा मला म्हणाले, "याचेबी वाटे पाड, माय. कोनाचं मन नाही दुखलं पाहिजे."

दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर मी हसले असते. पण त्यांना नाही म्हणायला जीभ वळली नाही, शिवाय मला तेव्हा कारण हवंच होतं. त्या कॉम्प्युटरवर व्हायरस आला की माझं डोकं फिरायचं आणि मी सगळं पुसून नव्याने टाकायचे. शेवटी वैतागून मी मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून लिनक्स ही दुसरी सिस्टिम टाकायचं ठरवलं. अंगणात खडूने एक लांब पट्टी काढली आणि दोघांना बोलावलं. ही चाळीस जीबीची डिस्क. उगवतीचा हा लहान तुकडा सामाईक, विहिरीसारखा, यात सिस्टिम राहील. उरलेल्याचे हे दोन सारखे वाटे. मधली ही रेघ.

"रेघ पक्की असते ना?" मोठेबाबांनी विचारलं.

"पक्की असते. तुमच्यातलं त्याइकडं जात नाही, अन् त्याइचं तुमच्याकडं येत नाही."

"मंग बरं हाय," ते म्हणाले, आणि बाबांकडे पाहिलं. "उचल."

बाबांनी पायाच्या अंगठ्याने विहिरीजवळचा वाटा दाखवला. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, कॉम्प्युटरला त्यांनी कधी हातही लावला नव्हता. पण भावाने उचल म्हटलं की उचलायचं, एवढं त्यांना कळत होतं. मोठेबाबांचा वाटा त्यापुढचा, मावळतीकडचा. अशा रीतीने आमच्या घरची डिस्क वाटली गेली.

मग मोठेबाबांचे डोळे बिघडले. अकोल्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं औषधाने जेवढं टिकेल तेवढं टिकेल. त्या दुखण्यात आधी कडा जातात. मधलं स्वच्छ दिसत राहतं आणि बाजूचं हळूहळू मिटत येतं. ते वावरात उभे राहिले की त्यांना समोरचं एक झाड दिसायचं, पण वावर दिसायचं नाही. बैलाचं तोंड दिसायचं, बैल दिसायचा नाही. ते हे सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज शांत असायचा.

दिवाळीला आलेल्या चुलतभावाने डिजिटल कॅमेरा आणला होता. त्याने गंमत म्हणून वावराचे फोटो काढून पडद्यावर लावले, आणि मोठेबाबा खुर्ची ओढून बसले ते उठेचनात. खऱ्या वावरात नजर फिरवली की अंधार सोबत फिरायचा, पाय अडखळायचा. पडद्यावर मात्र फोटो मोठा करून इकडून तिकडे सरकवता यायचा. कडेला राहिलेलं मध्ये आणता यायचं. विहीर मध्ये आणा, गोठा मध्ये आणा, आभाळ मध्ये आणा. ते खुर्चीत बसून अख्खं वावर थोडं थोडं करून पाहायचे. माऊस त्यांच्या मोठ्या हाताखाली लपून जायचा.

त्यानंतर चुलतभाऊ आला की त्याला कॅमेरा घेऊन वावरात पिटाळलं जायचं. कपाशीला फूल आलं, काढ. बैल विकायचे ठरले, आधी त्यांचे काढ, समोरून काढ, बाजूनं काढ, खुरं काढ. पैनगंगेला पाणी आलं, ते काढ. आणि सगळे फोटो मोठ्यात मोठे हवेत, लहान केलेले चालायचे नाहीत, कारण लहान केलेला फोटो मोठा केला की बैलाचा डोळा नुसता डाग होतो. "मले पाहून ठेवा लागते," ते म्हणायचे. पुढे दिसणार नाही तेव्हा आठवायला काही तरी असलं पाहिजे, असा त्यांचा सरळ हिशेब होता. डोळे मिटायच्या आत जेवढं आत भरून घेता येईल तेवढं घ्यायचं.

त्यांचा वाटा भरला. नवा फोटो बसेना. शेजारी बाबांचा वाटा जवळजवळ मोकळा पडलेला. मी म्हटलं, बाबांकडं ठेवते, काय बिघडते?

"त्याच्या वावरात माहा माल कायले ठेवू?" मोठेबाबा म्हणाले. "जुने पुसून टाक. पाह्यले ते पाह्यले."

आणि त्यांनी खरोखर पुसायला लावलं. एक फोटो लावायचा, त्यांनी तो कानाकोपऱ्यापासून पाहायचा, डोळे मिटून काही वेळ बसायचं आणि म्हणायचं, पुस. कपाशीच्या फुलांपासून सुरुवात झाली. दोन-चार पुसले आणि माझा संयम सुटला. मी खुर्ची ढकलून आमच्या घरात गेले आणि बाबांवर तोंड सोडलं, म्हणजे त्यांचा काही संबंध नसताना. तुमच्या दोघांच्या धुऱ्यापायी तो माणूस आपले डोळे पुसून राह्यला, असं काहीतरी बोलले. बाबा मेथीच्या जुड्या बांधत होते. त्यांनी हातातली जुडी पुरी बांधली.

"दादाले सांग," ते म्हणाले, "मी देऊन राह्यलो. तो घेऊन नाही राह्यला."

हा निरोप मी भिंतीपलीकडे नेला. मोठेबाबांनी तो बराच वेळ मनात घोळवला. मग अट घातली. धुरा सरकवायचा तर लपून नाही, दोघांच्या डोळ्यांदेखत सरकवायचा, आणि नवी रेघ कुठे आहे ते दोघांनी पाहून ठेवायचं.

बाबा आले, दाराच्या चौकटीत उभे राहिले. मी सीडीवरून लिनक्स चालू केलं, म्हणजे डिस्क मोकळी राहते आणि तिच्यावर काम करता येतं. पडद्यावर डिस्कची पट्टी आली, अंगणात खडूने काढली होती तशीच. मी बाबांना पुढे बोलावलं आणि त्यांचा हात माऊसवर ठेवला. त्यांनी रेघ धरली आणि आपल्या बाजूला ओढायला लागले. ओढतच गेले.

"बस बस," मोठेबाबा म्हणाले. त्यांना एका वेळी रेघेपुरतंच दिसत होतं, ते तिच्या मागे मान वळवत होते. "अबे बस ना! तुले काही ठेवशीन का नाही?"

कित्येक वर्षांनी त्यांनी भावाला अबे म्हटलं होतं. बाबांचा हात थांबला. ते चप्पल घालून निघून गेले, आणि जाताना त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले.

रेघ ओढणं सोपं होतं, पण ती रेघ अजून नुसती ठरवलेली होती. खरं काम पुढे होतं. बाबांच्या वाट्याचं शेपूट कापणं लवकर होतं. मात्र मोठेबाबांचा वाटा आता जिथून सुरू व्हायचा, तिथपर्यंत त्यांचा सगळा माल, अगदी पहिल्या कणापासून, उचलून अलीकडे आणावा लागतो. वावराचा धुरा हलवला तर माती जागेवर राहते. डिस्कवर धुरा हलवला की वावरातली सगळी माती टोपल्या-टोपल्यांनी वाहावी लागते, आणि वाहताना वीज गेली तर अर्धी माती इकडे, अर्धी तिकडे. अख्खा दिवस वीज हवी होती. आमच्याकडे तेव्हा भारनियमनाने जीव नकोसा केला होता, आणि यूपीएसच्या बॅटरीचा जीव चहा उकळेपर्यंतचा. फोटो दुसरीकडे उतरवून ठेवायला मी कॉलेजच्या लॅबमध्ये एक डिस्क मागितली, तर सरांनी नाही म्हणून सांगितलं.

मला खंडेनवमी सुचली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा होते आणि सगळ्या हत्यारांना विसावा असतो. नांगर, विळे, फवारणीचे पंप, गिरण्या, जिनिंगची यंत्रं, सगळी हळदीकुंकू लावून गप्प बसतात. विहिरीवरच्या मोटारीसुद्धा बंद. सगळं गप्प असलं की विजेवर ताण नसतो आणि ती जात नाही, हे मी दर वर्षी पाहिलेलं होतं. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

नवमीच्या सकाळी मोठेबाबांच्या बैठकीत मी काम सुरू केलं. दसऱ्याचा झेंडू आदल्या दिवशीच बाजारात गेला होता, उरलेली पोती भिंतीला टेकवून ठेवलेली होती. बाहेर ऊन होतं, पण बुलडाण्याकडचं ते मऊ ऊन, अंगाला न टोचणारं. पडद्यावर एक पट्टी अगदी हळू भरत होती. मोटारींचा आवाज नाही, गिरणीचा नाही, ट्रॅक्टरचा नाही. इतक्या शांततेत डिस्कचा आवाज ऐकू यायचा, बारीक, कुणी दूर कुठेतरी ज्वारी पाखडत असल्यासारखा. मला वाटत होतं की मी त्या वावरात आहे. कपाशीचं एक फूल उचलून अलीकडे ठेवलं जातंय, बैलाचं शिंग, मग पाठ, मग शेपूट. विहिरीतलं पाणी ओंजळीने इकडच्या विहिरीत येतंय. सगळं जसंच्या तसं, फक्त थोडं उगवतीकडे. मोठेबाबा शेजारी डोळे मिटून बसले होते. त्यांनी विचारलं, "आता काय चाललं असन?" मी म्हटलं, "बैल चालले असतीन." ते हसले, आणि मग दोघं पुष्कळ वेळ तसेच बसलो. मला ती सकाळ संपू नये असं वाटत होतं.

दुपारी आईने जेवायला हाक मारली. मोठेबाबाही उठून आत पूजेला गेले. मी आमच्याकडे जाऊन पुरणाची पोळी खाल्ली आणि परत आले.

मॉनिटरच्या कपाळावर हळदीकुंकू होतं. सीपीयूला झेंडूची माळ होती. समोर विळा, खुरपं, कुऱ्हाड, फवारणीचा पंप ओळीने मांडलेले, उदबत्ती लावलेली. आणि पडदा काळा होता.

"त्यालेबी दम खाऊ दे, माय," मोठी आई मायेने म्हणाली. "सकाळपासून राबून राह्यलं बिचारं. आजच्या दिवशी हत्यार चालू ठेवत नसतेत. म्या बटन बंद केलं तं ते डबडं ओरडाया लागलं. मंग त्याचंबी केलं."

डबडं म्हणजे यूपीएस. त्याने शेवटपर्यंत ओरडून आपलं काम केलं होतं.

मी काय काय बोलले ते आता नको. आवाज ऐकून आई आणि बाबा दोघं आले. मोठी आई हातातलं तबक धरून उभी होती, तिला एवढंच कळलं की फोटो गेले आणि आपल्या हाताने गेले. ती रडायलाही घाबरत होती. मोठेबाबांनी भिंतीला धरून येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तिले नको बोलू. सण हाय. तिनं पूजाच केली ना? दुसरं काही केलं का?" मग ते खुर्चीत बसले, काळ्या पडद्याकडे तोंड करून. त्यांचे बैल विकून झाले होते. ते पुन्हा कुठून आणणार होते? आणि जरी आणले असते तरी पाहायला डोळे किती दिवस होते, हे कुणी सांगत नव्हतं. मला इतकं रडू आलं की मी गच्चीवर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी बाबा आपट्याची पानं घेऊन भावाकडे आले. दर वर्षी ते यायचे, सोनं द्यायचे, पाया पडायचे आणि उभ्याउभ्याच परत जायचे. त्या दिवशी पाया पडून ते उठले आणि मोठेबाबा म्हणाले, "गेलं गा सगळं."

 बाबा जमिनीवर, खुर्चीजवळ बसले.

"काय काय होतं त्याच्यात?"

"सगळंच होतं. वावर होतं."

"वावर कुठी जाते?" बाबा म्हणाले. "मी सांगतो तुले. ऐक. धुऱ्यावर चिंच. चिंचेच्या डाव्या अंगाले तुहा पांढरा गोटा. खाली सावलीत मुंगसानं बीळ केलं हाये औंदा. चिंचेले आकडे लागले, लहान हायेत अजून, पोपटी." मोठेबाबांच्या कपाळाला जराशी आठी पडली, पण ते मध्ये बोलले नाहीत. बाबा सांगत राहिले. ती चिंच दोघांनी लावली होती. महाराष्ट्र नवीन झाला तेव्हा शाळेत साखर वाटली होती, ती खाऊन दोघं धावत घरी आले, आणि काहीतरी आपणही केलं पाहिजे म्हणून मोठ्याने चिंचोका पुरला आणि धाकट्याने त्यावर पाणी घालायच्या ऐवजी दुसरंच काही घातलं. मोठेबाबा खळखळून हसले. मी बाबांना एवढं बोलताना आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होते.

ते मग रोज येऊ लागले. भाजीला पाणी देऊन झालं की हातपाय धुऊन यायचे आणि खुर्चीजवळ बसून सांगायचे, आज वावरात काय दिसलं. कोबीवर दव कसं होतं, कोणत्या फांदीवर बगळा बसला होता, खामगावच्या बाजाराला बैलगाडीने कापूस न्यायचे तेव्हा वडील कोणत्या वळणावर बिडी पेटवायचे. मोठी आई चहा आणून ठेवायची आणि दाराशी टेकून उभी राहायची. ऐकता ऐकता मोठेबाबांचा चेहरा सैल व्हायचा.

मी दुसऱ्या नादात होते. बुलडाण्याच्या सायबर कॅफेतून लिनक्सवाल्यांच्या एका मेलिंग लिस्टवर, म्हणजे ईमेलवरच्या गटात, मी रडगाणं लिहिलं होतं, आणि कुठल्याशा अनोळखी माणसाने उत्तर दिलं. त्या डिस्कवर आता काहीही लिहू नका. माल पुसला गेलेला नाही, अर्धा वाटेत आहे. तुम्ही उचलून अलीकडे ठेवत होता, म्हणजे जिथे काम थांबलं तिथे एक पट्टा असा असेल की जो अलीकडेही आहे आणि पलीकडेही. तो शोधा, आणि तिथून पुढे वाहायला लागा.

मी पुन्हा लॅबमध्ये गेले. माझं रडकुंडीला आलेलं तोंड पाहून या वेळी सरांनी डिस्क दिली. आमच्या डिस्कवरचं सगळं मी आधी जसंच्या तसं तिच्यावर उतरवून घेतलं. वीज गेली की थांबायचं, आली की पुन्हा सुरू करायचं, नुसतं वाचायचं असल्याने आता ती गेली तरी भय नव्हतं. मग एक छोटा प्रोग्राम लिहिला, एका जागेवरचं आणि रेघ जेवढी सरकली तेवढ्या पुढच्या जागेवरचं ताडून पाहणारा. वेगळं, वेगळं, वेगळं. मी त्या आकड्यांकडे पाहत बसायचे, शेजारी बाबांचं सांगणं चालू असायचं, आणि हळूहळू मला दोन्ही एकच वाटायला लागलं. आणि एका दुपारी, बाबा पैनगंगेच्या पुराचं सांगत असताना, सारखं आलं. पुन्हा सारखं. सारखंच येत राहिलं. तो पट्टा बाबांनी ओढून दिलेल्या जागेएवढाच रुंद होता, आणि त्यातला प्रत्येक कण दोनदा लिहिलेला होता.

मी कुणाला काही बोलले नाही. जिथे सारखं संपत होतं तिथून पुढचं वाहून आणलं, वाट्याची कड नव्या रेघेला लावली, फाइल सिस्टिम तपासली, मग ती वाढवली. आणि पहिला फोटो उघडला. पडदाभर हिरवं झालं.

"मोठेबाबा," मी हाक मारली.

मोठी आई धावत आली आणि पडद्याला हात लावून तो हात आपल्या कपाळाला लावला. मोठेबाबा पुढे झुकले. त्यांनी माऊस घेतला, फोटो सरकवला, एक कड मध्ये आणली, मग दुसरी. चिंच आली. ते थांबले.

"हे पाह्य," ते बाबांना म्हणाले, अगदी मुद्देमाल सापडल्यासारखे. "तू पहिल्या दिवशी काय म्हटलं? गोटा चिंचेच्या डाव्या अंगाले. म्या तवाच म्हननार होतो. उजव्या अंगाले हाय."

"डाव्या अंगाले हाय, दादा."

"अबे फोटो समोर हाय!"

"फोटो तुह्या वावरातून काढेल हाय," बाबा म्हणाले. "मी माह्या वावरातून पाहून सांगतो."

मोठेबाबांचा हात माऊसवर तसाच राहिला. बाहेर कुणाची तरी मोटार सुरू झाली, पाणी पाइपात चढल्याचा आवाज आला. ते पडद्याकडे पाहत होते, पण त्यांना त्यातलं काही दिसत असेल असं मला वाटलं नाही.

"म्या तं गोटा रोवला तवापासून तिकून पाह्यलंच नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा त्यांना न्यायला आले. मीही मागे मागे गेले. गाडरस्त्याने नाही, सरळ वावरातून. धुकं जमिनीला धरून होतं, सगळ्याच्या कडा गेलेल्या होत्या, आमच्याही. बाबांनी त्यांचा हात धरला होता. चिंचेजवळ आलो तेव्हा मोठेबाबांचा पाय धुऱ्यावर थांबला. त्यांनी चपला काढल्या.

"येऊ का?" त्यांनी विचारलं.

 बाबांनी नुसता हात ओढला.

पलीकडे उतरून, कोबीच्या दोन सऱ्या ओलांडून, बाबांनी त्यांना वळवून उभं केलं. मोठेबाबांनी मान वर केली. मग ती फार हळू फिरवायला लागले, थोडी इकडे, थोडी तिकडे, फोटो सरकवायचे तशी. आधी त्यांना खोड सापडलं असेल. मग बराच वेळ काही सापडलं नसेल. मग मान थांबली.

"हाव," ते म्हणाले. "डाव्याच अंगाले हाय."